सासरा वाचतो, सून हसते

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं, अर्ध्या पानाचं. रात्रशाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या लॅटिनच्या बाई निवृत्त होत आहेत आणि जाता जाता त्यांनी माझं नाव सुचवलं आहे, तरी नव्या सत्रापासून प्रौढांचा लॅटिनचा वर्ग मी घ्यावा. शिक्षक मिळाला नाही तर वर्ग बंद करावा लागेल. सत्र सुरू होण्याआधी कळवावं ही विनंती.

माझं नाव त्यांच्या कानावर गेलं त्याला कारण मीच. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. आमच्याकडे औषधांच्या आणि झाडाझुडपांच्या याद्या छापायला यायच्या. त्यांत लॅटिन नावं असायची. चुका काढायच्या तर भाषा थोडी तरी कळायला हवी, म्हणून एक पातळसं पुस्तक आणून मी ती एकट्यानेच शिकलो. निवृत्त झाल्यावर रात्रशाळेच्या वाचनालयात जाऊन बसायची सवय लागली. तिथल्या लॅटिनच्या पाठ्यपुस्तकात छपाईच्या चुकांना सुमार नव्हता. मी त्यांची एक चिठ्ठी लिहायचो आणि पुस्तकात ठेवून यायचो. खाली सही करत नसे. पण ते पुस्तक घरी नेणारा माणूस गावात एकटाच असेल, तर सहीची गरज काय?

दुसऱ्याच्या चुका काढणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. समोर चार माणसं बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. छापखान्यातल्या निरोपसमारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी दोनच बोललो. "बरं, येतो."

तर ते पत्र जेवणाच्या टेबलावर, फळांच्या टोपलीखाली पडून होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, घरातल्या सगळ्यांनी ते वाचलं होतं. बायको रोज टेबल पुसताना ते उचलायची, पुसायची आणि परत ठेवायची.

"उत्तर लिहिलंत?"

"मसुदा चालू आहे."

"मसुदा! देशाची घटना लिहिताय का?"

मसुदा खरंच चालू होता. 'आपण माझ्याविषयी दाखवलेल्या विश्वासाला मी पात्र नाही' इथपर्यंत नेहमी नीट जायचं. मग 'पात्र'च्या जागी 'लायक' लिहू का, असा घोळ सुरू व्हायचा.

अशातच एका संध्याकाळी आमची सून कामावरून आली आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "बाबा, मला लॅटिन शिकवा."

सून सरकारी दप्तरखान्यात हंगामी नोकर आहे. जुने दस्त, खरेदीखतं, मृत्युपत्रं यांचे गठ्ठे सोडायचे, धूळ झटकायची, नोंदी करायच्या, पुन्हा बांधायचे, असं तिचं काम. कायमची जागा निघाली होती. त्यासाठी परीक्षा होती आणि परीक्षेत एक पेपर लॅटिनचा, कारण तिथले सगळ्यांत जुने दस्त त्याच भाषेत आहेत.

"रात्रशाळेचा वर्ग आहे की," मी म्हणालो.

"तो सुरू व्हायच्या आधी माझी परीक्षा आहे. आणि तो सुरू होणार की नाही हे त्या टोपलीखाली अडकलंय."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोललीस."

मी म्हणालो, "हे बघ, वर्गबिर्ग माझ्याने व्हायचा नाही. पण तुला एकटीला, इथे टेबलाशी..."

"चालेल!"

"आणि तू पास झालीस, तर मग मी बाईंना होकार कळवीन."

हे मी का बोललो, देव जाणे. बहुधा मला वाटलं असावं की निकाल लागेपर्यंत सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी माझं पातळ पुस्तक निघालं. त्यात प्रत्येक क्रियापदाखाली छोटी छोटी वाक्यं होती, भाषांतर करायला. खलाशी मुलीवर प्रेम करतो. खलाशी मुलीची स्तुती करतो. शेतकऱ्याची मुलगी खलाशाला गुलाब देते. सुनेने पहिलं पान केलं, दुसरं केलं, आणि तिसऱ्यावर पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, हे खलाशी कामावर कधी जातात?"

"म्हणजे?"

"येताजाता नुसतं प्रेम. जहाज कोण चालवतं? आमचा खलाशी तर आठवड्याने फोन करतो आणि फक्त इंजिनाबद्दल बोलतो."

आमचे चिरंजीव जहाजावर इंजिनीअर आहेत. बायको ओट्याजवळून म्हणाली, "बापावर गेलाय."

मला हसू आलं, पण मनात ते टोचलं. सून चुकत नव्हती. तिला कंटाळा येत होता, आणि कंटाळा आलेल्या माणसाच्या नजरेखालून अक्षरं नुसती वाहून जातात, हे मुद्रितशोधकाइतकं कोणाला ठाऊक असणार? रात्रभर विचार केला आणि सकाळी तिला एक नियम सांगितला. आता पुस्तक बंद. वाक्यं आपण करायची, आणि वाक्य खरं असलं पाहिजे. या घरात, आज, आत्ता खरं असेल तेच लिहायचं. खोटं वाक्य, मग रूप कितीही अचूक असो, मी लाल शाईने कापणार.

"मग सुरुवात कोणापासून?"

"सोकेर म्हणजे सासरा. सोक्रुस म्हणजे सासू. नुरुस म्हणजे सून."

बायको हात पुसत बाहेर आली. "परत म्हणा बघू."

मी म्हटलं.

"सोकेर, सासरा. सोक्रुस, सासू. अहो, हे तर आपलंच घर निघालं! आणि इतकी वर्षं तुम्ही ती भाषा एकटेच घेऊन बसला होतात?"

मी सांगितलं की फार जुन्या काळी या भाषा एकाच कुटुंबातल्या, 'स्नुषा' आणि 'नुरुस' ह्या तर चुलत बहिणी. हे एरवी मी कोणाला सांगायला धजलो नसतो. पण दोघी ऐकत होत्या, म्हणून आणखी थोडं सांगितलं.

पहिल्या दिवशीची वाक्यं अशी झाली. सोकेर लेगित, सासरा वाचतो. नुरुस रीदेत, सून हसते. सोक्रुस इम्पेरात, सोकेर पारेत. सासू हुकूम सोडते, सासरा ऐकतो. शेवटचं बायकोने सांगून करून घेतलं. खरं नाही म्हणून मी लाल शाई उचलली, तर ती म्हणाली, "आधी तो नळ बंद करून या, मग कापा." मी नळ बंद करून आलो. वाक्य राहिलं.

गाडी चांगली धावू लागली. सून भाजी चिरताना, इस्त्री करताना, जिना चढताना वाक्यं म्हणायची. दूध उतू जातं, इस्त्री तापते, शेजारीण दार वाजवते, सून भुकेली आहे. एखादा शब्द मला येत नसला तर मी सरळ सांगायचो की येत नाही, बघून ठेवतो. गंमत म्हणजे तिला त्याचं काही वाटत नसे. माझी जीभही टाळ्याला चिकटत नव्हती. एकदा हे ध्यानात आलं आणि मी इतका दचकलो की लगेच चिकटली.

मग एके दिवशी ती बाइंडरला घेऊन आली. दप्तरखान्यातल्या जुन्या बाडांची बांधणी करणारा हा दांडगा माणूस, हातांना खळीचा वास आणि आवाज असा की कपाटावरची भांडी वाजावीत. त्याला परीक्षा वगैरे काही नव्हती.

"गुरुजी," तो म्हणाला, "जन्मभर या पोथ्यांचे कपडे शिवतोय. आत कोण राहतं ते कळलं तर बरं वाटेल."

मी "बसा, आलोच" म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"पाणी पाहिजे?"

"नको."

"मग इथे काय काम आहे?"

"मला परक्यांपुढे जमत नाही गं."

"परका कुठला? केव्हाचा आपल्या खुर्चीत बसलाय, उद्या ती खुर्चीपण परकी होईल. जा."

गेलो. बाइंडरची तऱ्हा सुनेच्या उलट. ती विचार करून बोलायची, तो आधी बोलायचा आणि विचार आमच्यावर सोपवायचा. चुकीचं रूप इतक्या ठणकावून म्हणायचा की क्षणभर मलाच वाटे, आपलंच चुकत असेल. मी त्याला एवढंच विचारायला शिकलो की, "वाक्यात कोण कोण आहे? प्रत्येक जण काय करतोय?" तो एकेकाकडे बोट दाखवायचा, मध्येच कपाळावर हात मारायचा आणि आपली चूक आपणच दुरुस्त करायचा.

एका संध्याकाळी सुनेने लिहिलं, सोकेर दोकेत. सासरा शिकवतो. मी त्यावर लाल रेघ ओढली.

"रूप चुकलं?" तिने विचारलं.

"रूप बरोबर आहे."

"मग?"

"वाक्य खरं नाही. मी आपला थोडी मदत करतो."

बाइंडर आमच्या दोघांकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, मग आम्ही दोघं इथे रोज काय माश्या मारतो?"

मी रेघ तशीच ठेवली. पण त्या दिवशी मसुद्याला हात लागला नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा सून मागच्या वेळचा पेपर कुठूनतरी मिळवून आली. नेहमीसारखी हसत आली नाही. पेपर माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, यात आपलं एकही क्रियापद नाही."

मी वाचलं. दस्तांतले उतारे होते. अमक्याने शेत विकलं. तमकीने घर घेतलं. बापाने मुलाला गिरणी दिली. साक्षीदार आले, त्यांनी पाहिलं, ते परत गेले. सगळं झालेलं, संपलेलं, आणि करणारी माणसं कधीच गेलेली. आणि आम्ही इतके दिवस शिकलो ते सगळं 'आज' आणि 'आत्ता'. भूतकाळ मी शिकवलाच नव्हता. वाक्य आत्ता खरं असलं पाहिजे या माझ्या नियमात कालचा दिवस कुठे बसतच नव्हता, आणि मला स्वतःच्या नियमाचं इतकं कौतुक की ते दिसलंही नाही. लोकांच्या पुस्तकांतला एक निखळलेलं टिंब मला दिसतं, आणि इथे अख्खा काळ गळला होता.

"मी सांगत होतो," मी म्हणालो, "मी शिक्षक नव्हे. तू दुसरा कोणीतरी..."

"आता दुसरा कोण आणू? परीक्षा तोंडावर आहे."

"मी तुझं नुकसान केलं."

सून रडवेली झाली होती, पण ते ऐकून चिडली. "नुकसान काय? धावायला शिकवलंत, फक्त उलट्या दिशेने. वळवा आता."

बायको खुर्ची ओढून टेबलाशी बसली. एरवी ती ओट्याजवळूनच बोलायची.

"कालचं पाहिजे ना तुम्हाला? अहो, बायकांना कालचं विचारा. आत्ता काय चाललंय यात कोणाला रस आहे? कोणी काय केलं, कोण काय बोललं, कोण कोणाला सोडून गेलं, साऱ्या जगाच्या गप्पा तर मागच्याच असतात. हं पोरी, तुमच्या हपिसात काल काय झालं?"

सून डोळे पुसत म्हणाली, "साहेबांनी खुर्ची मोडली."

"कशी?"

"बसले."

टेबलाच्या टोकाला बसलेला बाइंडर गडगडून हसला. मी यंत्रासारखं म्हणालो, "मागिस्तेर सेल्लाम फ्रेगित." आणि कागदावर लिहिलं.

त्या दिवसापासून आमच्या टेबलावर उखाळ्यापाखाळ्यांना ऊत आला. मी जन्मात कोणाची चहाडी केली नव्हती. आता रोज संध्याकाळी दप्तरखान्याची, जिन्यावरच्या शेजाऱ्यांची आणि बायकोच्या माहेरची सगळी प्रकरणं शुद्ध लॅटिनमध्ये उतरवत होतो. शिपायाने किल्ली हरवली. शेजाऱ्याने कुत्रा विकला आणि परत विकत घेतला. आत्याने लग्नात भांडण केलं. नियम तोच राहिला, फक्त 'आज'च्या जागी 'घडलेलं' आलं. खरं घडलेलं असलं पाहिजे. तपासायला बायको होतीच, कारण ती सगळ्याला साक्षीदार.

दिवसभराची प्रकरणं संपली की ती मागे मागे जायची. एकदा असंच सगळं संपलं आणि सून म्हणाली, "आई, तुमचं दोघांचं सांगा ना. जमलं कसं?"

"त्यांना विचार."

"ते सांगतात होय!"

बायको सांगू लागली. तिच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान होतं. दुकानाची जाहिरात छापायला ती आमच्या छापखान्यात मजकूर घेऊन यायची. मी तो वाचायचो, चुकांवर खुणा करायचो, परत द्यायचो. एवढंच. हे मलाही आठवत होतं. मला हेही आठवत होतं की त्या मुलीच्या मजकुरात फार चुका असायच्या आणि मला मनातून तिची दया यायची.

"मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक चूक निघाली," बायको म्हणाली. "यांनी मान खाली घालून इतकी नाजूक खूण केली, जशी चुकीला दुखेल. मला गंमत वाटली. मग पुढच्या वेळी मी चार घातल्या."

"घातल्या?" मी म्हणालो.

"मग काय! मजकुरात एक चूक असली तर तुम्ही पाच मिनिटांत कागद परत द्यायचात. दहा असल्या की अर्धा तास बसायला मिळायचं. माझे बाबा म्हणायचे, पोरगी शाळेत गेली की नुसती जाऊन आली? 'मुळा'चं बी कसं लिहायचं हे मला कळत नव्हतं होय?"

बाइंडरने टेबलावर थाप मारली. सून मला म्हणाली, "आणि तुम्ही काय म्हणालात, बाबा?"

"काही नाही," बायको म्हणाली. "गप्प. बियाण्यांच्या जाहिरातींचं सबंध वर्ष गप्प. शेवटी मीच विचारलं."

मला कानशिलं गरम झाल्याचं जाणवलं. एवढ्या संसारात तिने हे मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून मी पेन उचललं. पण सुनेने ते काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं. पुएल्ला कोन्सुल्तो एर्रावित. इल्ले ताकुइत. मुलीने मुद्दाम चुका केल्या. तो गप्प राहिला.

दोन्ही रूपं अचूक होती, आणि मी ती तिला सांगितलेली नव्हती. तपासायला मला फार वेळ लागला, कारण अक्षरं जरा पुसट दिसत होती.

"कापायचं का?" बायकोने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "खरं आहे."

परीक्षेच्या दिवशी मी दप्तरखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. बाइंडर मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसला आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली. सून बाहेर आली ती प्रश्नपत्रिका फडकवतच.

"एक घोळ केला होता, बाबा. विदुआ फीलिआए दोमुम रेलीक्वित. मी लिहिलं, विधवेने घर सोडलं."

"अरेरे," मी म्हणालो.

"थांबा ना! मग मी स्वतःला विचारलं, वाक्यात कोण कोण आहे? विधवा आहे, घर आहे, आणि ही मुलगी आहे. ही बिचारी इथे उभी राहून काय करतेय? तिला काहीतरी मिळाल्याशिवाय ती कशाला येईल? मृत्युपत्र आहे हे, इथे रेलीक्वित म्हणजे सोडून जाणं नव्हे, मागे ठेवणं! म्हणून खोडलं आणि लिहिलं, विधवेने मुलीसाठी घर मागे ठेवलं."

"बरोबर," मी म्हणालो.

"बाकी सगळं तर आपल्या टेबलासारखंच होतं. सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या. माणसं तेवढी जुनी."

"निकाल कधी?" बाइंडरने विचारलं.

"दोन महिने तरी लागतील म्हणाले."

रात्रशाळेचं सत्र येत्या सोमवारी सुरू व्हायचं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांची नजर रस्त्याकडे होती. मी पायरीवर बसून हातातली भाकरी संपवली. निकालाची वाट पाहायची तर कारण आयतं होतं. कोणी मला बोल लावला नसता. पण मला आता त्या निकालातून कळण्यासारखं काय राहिलं होतं? जागा तिला मिळेल किंवा दुसऱ्या कोणाला मिळेल, ते साहेबांच्या हातात. ती चुकली कशी आणि सावरली कशी, हे मी आत्ताच ऐकलं होतं. असल्या गोष्टी पारखणं हाच तर माझा जन्मभराचा धंदा. त्यात मला सहसा कोणी फसवू शकत नाही, मी स्वतःसुद्धा.

"तू पास झालीस तर कळवीन असं म्हणालो होतो," मी म्हणालो.

"हो."

"ती अट मी काढून टाकतो."

सुनेने माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे नाही कळवणार?"

"म्हणजे आज कळवतो."

बाइंडर उभा राहिला. "गुरुजी, सोमवारी किती वाजता?"

"तुम्ही कशाला? तुम्हाला तर घरी येता येतं."

"वर्गात नको का कोणीतरी मोठ्याने चुकणारा? नाहीतर बाकीचे लाजतील."

घरी येऊन मी मसुद्यांचा गठ्ठा बाजूला केला आणि कोरा कागद घेतला. लिहिलं की आपलं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. वर्ग मी घेईन. मला मोठ्याने बोलता येत नाही, तेव्हा खोली लहान द्यावी आणि टेबल एकच असावं, सगळ्यांना भोवती बसता येईल असं. पाठ्यपुस्तक लागणार नाही. विद्यार्थ्यांनी येताना आपापल्या घरची आणि कामावरची खरी हकीकत तेवढी आणावी.

बायकोने ते वाचलं. "पात्र नाही, लायक नाही, असलं काही नाही यात?"

"नाही."

"तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली आणि चप्पल घालायला लागली. "चला. एकटे गेलात तर खिशात घालून परत आणाल."

पत्रपेटी कोपऱ्यावर, न्हाव्याच्या दुकानाशेजारी आहे. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि थांबलो.

"आता काय?"

"पत्ता नीट आहे ना, एकदा बघतो."

"तीनदा बघितलात. मी मोजलंय."

"पण समजा—"

"अहो, चूक असली तर बरंच आहे. अर्धा तास जास्त बसायला मिळेल."

न्हावी दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. मी पाकीट सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला. बायकोने फटीत दोन बोटं घालून ते अडकलं नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग आम्ही घराकडे वळलो.